पुनर्वसनाची योजना पेशंटला सोबत घेऊन कशी आखावी

रुग्णालयात पुनर्वसनाचा आराखडा बहुतेक वेळा असा ठरतो. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (आंघोळ, कपडे घालणं अशी रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारे) आणि सिस्टर एकत्र बसतात, तपासणीत काय आढळलं ते मांडतात, उद्दिष्टं लिहितात. मग त्यांच्यातलं कुणीतरी पेशंटच्या खाटेपाशी जाऊन सांगतं, "उद्यापासून आपण असं असं करणार आहोत, चालेल ना?" पेशंट मान डोलावतो. फाइलमध्ये ‘पेशंटशी चर्चा झाली’ अशी नोंद पडते. पण ठरलेली गोष्ट कानावर घालणं म्हणजे चर्चा नव्हे, आणि होकार मिळाला म्हणजे सहभाग झाला असंही नाही.

शस्त्रक्रिया पेशंट भुलेखाली असताना होऊ शकते. पुनर्वसन तसं होत नाही. उठायचं त्याला, तोल सांभाळायचा त्याला, दुखत असताना गुडघा वाकवायचा त्याला, आणि घरी गेल्यावर कुणी बघत नसताना ते चालू ठेवायचं तेही त्यालाच. वॉर्डात निमूटपणे सगळे व्यायाम करणारी माणसं घरी जाताच ते सोडून देतात, तेव्हा ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा मारला जातो. माझ्या मते अशा वेळी आधी योजना काढून बघावी. त्या माणसाला हवं असलेलं काही तिच्यात होतं का?

१९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यात म्हटलं आहे की आपल्या आरोग्यसेवेच्या नियोजनात आणि अंमलबजावणीत भाग घेणं हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराचं २६ वं कलम पुनर्वसनाविषयीच आहे. ते शक्य तितक्या लवकर सुरू व्हावं आणि त्या व्यक्तीच्या गरजांबरोबरच तिच्या जमेच्या बाजूही बघून आखलं जावं, असं ते सांगतं. तत्त्वाबद्दल आता वाद उरलेला नाही. अडतं ते रोजच्या कामात. म्हणून पुढचं सगळं रोजच्या कामाविषयी आहे. ते मुख्यतः वॉर्डात काम करणाऱ्यांसाठी लिहिलं आहे, पण पेशंट आणि नातेवाईकांनीही वाचावं, कारण यातलं बरंच काही तुम्ही स्वतःहून मागू शकता.

बोलणं कधी सुरू करायचं

शस्त्रक्रिया आधीपासून ठरलेली असेल, म्हणजे गुडघा किंवा खुबा बदलायचा असेल, तर योजनेचं बोलणं ऑपरेशनच्या आधीच व्हायला हवं. तेव्हा माणूस शुद्धीवर, शांत असतो आणि प्रश्न विचारू शकतो. मागच्या बाजूने छेद घेऊन खुब्याचा सांधा बदलला तर अनेक सर्जन सुरुवातीचे काही आठवडे खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवू देत नाहीत आणि पायावर पाय टाकून बसू देत नाहीत. म्हणजे बुटकी खुर्ची बंद, वाकून पायात काही चढवणं बंद, संडासातली बैठकही उंच हवी. हे आधी समजलं तर पेशंट स्वतःच घरच्यांना कामाला लावतो. ऑपरेशननंतर पहिल्यांदा ऐकलं तर त्याला ती नुसती मनाई वाटते.

अचानक आलेल्या आजाराचं वेगळं असतं. स्ट्रोक किंवा अपघातानंतरचे पहिले दिवस सगळे हादरलेले असतात. तेव्हा सहा महिन्यांनंतरचं काही विचारू नका. "आजच्या दिवसात काय जरा सोपं झालं तर बरं वाटेल?" एवढा एकच प्रश्न पुरतो. कुशीवर वळणं, पाण्याचा पेला हाताशी असणं, नातेवाइकाला ठरावीक वेळी भेटू देणं, असलं काहीतरी उत्तर येतं. ते लगेच करून द्या. आपण सांगितलेलं इथे घडतं, हा अनुभव पुढच्या सगळ्या बोलण्याचा पाया आहे.

नातेवाईक मात्र अनेकदा घाई करतात: "आजच उभं करा, जितकं लवकर तितकं चांगलं ना?" त्यांना ‘अव्हर्ट’ नावाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीबद्दल सांगावं. स्ट्रोकनंतर २४ तासांच्या आत वारंवार आणि जास्त प्रमाणात उठवण्याचा प्रयोग तिच्यात झाला. २०१५ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा दिसलं की तीन महिन्यांनंतर चांगल्या स्थितीत असण्याची शक्यता त्या गटात नेहमीच्या उपचारांपेक्षा कमी होती. बोलणं पहिल्या दिवसापासून सुरू करावं, पण व्यायामाचा जोर वैद्यकीय अंदाजानेच वाढवावा. हे कारणासकट सांगितलं की घरच्यांना आपण चालढकल करतोय असं वाटत नाही.

पहिली बैठक

या पायरीला मी सगळ्यात जास्त वेळ देईन. ती घाईत उरकली तर पुढची प्रत्येक पायरी लंगडी पडते.

वेळ पेशंटला विचारून ठरवा. वेदनाशामक औषधाचा असर असताना, पण गुंगी नसताना बसा. चष्मा आणि कानाचं यंत्र असेल तर आधी ते लावून द्या. कितीतरी पेशंट ‘गोंधळलेले’ ठरतात ते फक्त यंत्र कपाटात राहिल्यामुळे. पडदा ओढा. खुर्ची ओढून त्याच्या नजरेच्या पातळीवर बसा, कारण उभ्याने बोलणाऱ्यासमोर झोपलेला माणूस ‘हो’ शिवाय दुसरं काही म्हणत नाही. घरच्यांपैकी कोण हवं, कोण नको, हेही त्यालाच विचारा.

"तुमचं उद्दिष्ट काय?" असं थेट विचारू नका. या प्रश्नाला "बरं व्हायचंय" किंवा "पूर्वीसारखं व्हायचंय" याखेरीज उत्तर मिळत नाही. त्याऐवजी दिवसापासून सुरुवात करा. "हे होण्याआधी तुमचा दिवस कसा जायचा? उठल्यापासून सांगा." मग, "घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात काय जमलंच पाहिजे?" आणि शेवटी, "भीती कशाची वाटते?" हा शेवटचा प्रश्न बहुतेकजण टाळतात, आणि खरी अडचण नेमकी तिथेच सापडते. पुन्हा पडण्याची भीती असलेला माणूस ताकद पुरेशी असूनही पाऊल टाकत नाही.

उत्तर आलं की तिथे थांबू नका. संवाद साधारण असा जातो:

"मला चालायचंय."

"चालत कुठे जायचंय, काका?"

"कुठे म्हणजे... बाथरूमला तरी. रात्री कुणाला उठवायला नको."

"रात्री किती वेळा उठता?"

"दोनदा तरी."

चार वाक्यांत ‘चालणं’ या मोघम शब्दाचं एक नेमकं काम झालं. झोपेतून उठून खाटेच्या कडेला बसायचं, चक्कर येत नाही ना ते बघायचं, अंधुक उजेडात आठ-दहा पावलं टाकायची, दारापाशी वळायचं, बसायचं आणि पुन्हा उठायचं. आता फिजिओला कळतं की सरळ पॅसेजमधून पन्नास मीटर चालवण्यापेक्षा वळणं आणि खुर्चीवरून उठणं याचा सराव आधी हवा. सिस्टरना कळतं की लघवी वाढवणारी गोळी रात्री उशिरा दिली जात असेल तर डॉक्टरांना वेळ बदलता येईल का ते विचारायला हवं. ऑक्युपेशनल थेरपिस्टला कळतं की वाटेवर दिवा आणि बाथरूममध्ये पकडायला दांडा लागेल. पेशंट एका कामाबद्दल बोलला आणि तिघांचं काम ठरलं.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये कार्यक्षमतेचं एक वर्गीकरण स्वीकारलं, ‘आयसीएफ’ या नावाने ते ओळखलं जातं. त्यात शरीराचं कार्य, माणसाच्या क्रिया आणि जीवनातला सहभाग असे तीन स्तर आहेत, आणि त्यांच्यावर परिणाम करणारी भोवतालची परिस्थिती व व्यक्तीच्या स्वतःच्या गोष्टी. आपल्या नोंदी बहुधा पहिल्या स्तरावर असतात: स्नायूंची ताकद इतकी, सांध्याची हालचाल इतके अंश. पेशंट बोलतो तिसऱ्या स्तरावर: "नातवाला शाळेत सोडायचंय", "कामावर परत जायचंय". दोन्ही खरं आहे. मधली शिडी बांधून देणं हे टीमचं काम आहे. गुडघा इतका का वाकवायचा, तर जिना उतरता यावा म्हणून, आणि जिना का, तर शाळेपर्यंत जाता यावं म्हणून. हा दुवा प्रत्येक व्यायामाशेजारी पेशंटच्या शब्दांत लिहा.

निवड करण्याआधी माहिती

काय शक्य आहे हे माहीत नसलेल्या माणसाला "तुम्हीच ठरवा" म्हणणं हा सहभाग नाही, त्याला एकटं सोडणं आहे. त्याला किमान चार गोष्टी कळायला हव्यात: नेमकं काय झालंय, साधारण सुधारणा कशी आणि किती काळात होते, कोणते मार्ग उपलब्ध आहेत, आणि काही न केल्यास काय होईल. स्ट्रोकनंतर सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त असतो हे सांगा, आणि त्यानंतरही सरावाने कामं जमू लागतात हेही त्याच दमात सांगा. फक्त पहिलं वाक्य सांगितलं तर पेशंट कॅलेंडर बघून घाबरतो.

सांगून झाल्यावर "समजलं का?" असं विचारू नका. म्हणा, "मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी फोन केलात तर आजचं बोलणं कसं सांगाल?" त्याच्या तोंडून जे येईल त्यावरून काय राहून गेलं ते कळतं, ते पुन्हा वेगळ्या शब्दांत सांगा. एका बैठकीत दोन-तीन मुद्द्यांपेक्षा जास्त नको.

काय आधी, काय नंतर

यासाठी ‘सीओपीएम’ हे कॅनडात तयार झालेलं आणि १९९१ पासून वापरात असलेलं साधन मला फार उपयोगी वाटतं. पेशंट स्वतः आपल्या अडचणी सांगतो: स्वतःची निगा, काम, विरंगुळा. प्रत्येक अडचण आपल्यासाठी किती महत्त्वाची आहे याला तो १ ते १० गुण देतो. त्यातून जास्तीत जास्त पाच निवडायच्या. मग निवडलेल्या प्रत्येकीला दोन गुण द्यायचे, सध्या ते किती जमतं आणि त्याबद्दल तो किती समाधानी आहे. काही आठवड्यांनी पुन्हा गुण घ्यायचे. दोन किंवा अधिक गुणांचा फरक पडला तर तो अर्थपूर्ण बदल मानतात.

जमणं आणि समाधान वेगळे मोजण्यात मोठं शहाणपण आहे. एखादा माणूस शर्टाची बटणं लावू शकतो, पण त्यात त्याची पंधरा मिनिटं आणि सगळी शक्ती जाते. आपल्या नोंदीत तो ‘स्वावलंबी’ असतो आणि त्याच्या हिशेबी समाधान २. त्याला विचारलं तर तो कदाचित म्हणेल, बटणं दुसऱ्याने लावली तरी चालतील, ती शक्ती मला दुपारी बाहेर बसायला हवी. हा निर्णय सर्वस्वी त्याचा आहे. ‘स्वतःचं सगळं स्वतः करणं’ हीच एकमेव चांगली गोष्ट, असं आपण परस्पर ठरवू नये.

मोजता येईल असं लिहिणं

निवडलेली अडचण आता उद्दिष्ट म्हणून लिहायची. कोण, काय, कुठे, किती मदतीने, कधीपर्यंत, एवढं त्यात आलं पाहिजे. ‘चाल सुधारणे’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘दोन आठवड्यांत रात्री काठी घेऊन, कुणाचा हात न धरता खाटेपासून बाथरूमपर्यंत जाऊन येईन’ हे उद्दिष्ट आहे. वाक्य प्रथमपुरुषी लिहा आणि पेशंटला वाचून किंवा ऐकून दुरुस्त करू द्या.

१९६८ मध्ये किरेसुक आणि शेरमन यांनी मांडलेली उद्दिष्टपूर्तीची श्रेणी इथे कामाची आहे. ठरल्याप्रमाणे झालं तर शून्य, त्याहून थोडं जास्त झालं तर अधिक १, बरंच जास्त झालं तर अधिक २, आणि कमी पडलं तर उणे १ व उणे २. वरच्या काकांसाठी ती अशी होईल: काठीने एकट्याने जाऊन येणं म्हणजे शून्य. काठीही न लागणं म्हणजे अधिक १. काठीविना जिन्याच्या चार पायऱ्याही जमणं म्हणजे अधिक २. सध्यासारखं कुणाचा तरी हात लागणं म्हणजे उणे १. आणि खाटेवरूनच उतरता न येणं म्हणजे उणे २. सध्याची स्थिती उणे १ वर ठेवल्याने तब्येत घसरली तर तेही नोंदवता येतं. या पाच पायऱ्या पेशंटसोबत बसून लिहिल्या की ‘यश’ म्हणजे काय हे त्याने स्वतः ठरवलेलं असतं.

आणि एक छोटा प्रश्न: "हे जमेल याची किती खात्री वाटते, ० ते १०?" उत्तर ७ पेक्षा कमी आलं तर समजूत काढत बसू नका, योजना बदला. अंतर कमी करा, मदत वाढवा, मुदत लांबवा.

पटत नाही तेव्हा

पेशंट म्हणतो, मला महिन्याभरात गाडी चालवायची आहे. आपल्याला ते धोक्याचं वाटतं. ‘अशक्य’ म्हणून विषय बंद केला तर तो पुढे मनातलं सांगणार नाही, आणि ‘बघू’ म्हटलं तर आपण त्याची दिशाभूल करतो. गाडी कशासाठी हवी ते विचारा. एकट्याने बाहेर पडायला? कामावर जायला? मग स्पष्ट सांगा: "आज तुमच्या डाव्या बाजूचं तुम्हाला नीट दिसत नाही, त्यामुळे आत्ता गाडी नाही. अमुक तारखेला आपण नजर आणि प्रतिसाद पुन्हा तपासू. तोवर बाहेर पडायचा दुसरा मार्ग शोधू." मोठं स्वप्न खोडायचं नाही, कागदाच्या वरच्या ओळीत राहू द्यायचं, आणि खाली पुढच्या दोन आठवड्यांचं लिहायचं.

नातेवाईक आणि पेशंट यांच्यात न पटणं तर नेहमीचं. मुलगी म्हणते, आईने एकटीने आंघोळीला जाऊ नये. आईला तेवढा एकांत हवा असतो. दोघींना एकत्र बसवून धोका नेमका कुठे आहे ते शोधा: ओली फरशी, उठताना तोल, की कडी लावलेलं दार? बसायला स्टूल, पकडायला दांडा, कडी न लावता लोटलेलं दार आणि बाहेर उभी मुलगी, एवढ्याने बहुतेक तंटे मिटतात. तरीही मिटला नाही, तर समजउमज असलेल्या प्रौढ व्यक्तीचा निर्णय चालतो. आपण धोका समजावल्याचं आणि तिने तो पत्करल्याचं लिहून ठेवावं.

काहीजण म्हणतात, "डॉक्टर, तुम्हीच ठरवा." हाही निर्णयच आहे, त्याचा मान ठेवा. पण लहान निवडी त्यांच्याच हाती द्या: सकाळी की संध्याकाळी, आधी हात की पाय. बऱ्याचदा आठवड्याभरात तेच मोठ्या गोष्टींवर बोलू लागतात.

बोलणं कठीण असेल तेव्हा

वाचाघात झालेल्या माणसाला बोलता येत नाही, म्हणून त्याला ठरवता येत नाही असं नाही. सर्वांत मोठा अन्याय इथेच होतो. प्रश्न नातेवाइकाला विचारला जातो आणि पेशंट शेजारी बसून ऐकतो. एका वेळी एकच प्रश्न विचारा, छोट्या वाक्यांत. चित्रं, फोटो, अंकांची पट्टी, अंगठा वर-खाली, जे जमेल ते वापरा. ‘टॉकिंग मॅट्स’ नावाची पद्धत आहे, तिच्यात चित्रांची कार्डं ‘आवडतं’, ‘सांगता येत नाही’, ‘नको’ अशा रकान्यांत माणूस स्वतः ठेवतो. ‘हो’-‘नाही’ बऱ्याचदा उलटसुलट होतं, म्हणून तोच प्रश्न फिरवून विचारा: "घरी जायचंय?" आणि थोड्या वेळाने, "इथेच राहायचंय?" दोन्हीला ‘हो’ आलं तर त्या उत्तरावर काही ठरवू नका. या कामात स्पीच थेरपिस्टला पहिल्या बैठकीपासून घ्या.

मेंदूच्या इजेमुळे काहींना आपली कमतरता जाणवतच नाही. लुळा हात ‘ठीक आहे’ असं ते मनापासून सांगतात. वाद घालू नका. सुरक्षित ठिकाणी काम करून बघू द्या, आधी "किती जमेल?" आणि नंतर "कसं झालं?" असं विचारा.

स्ट्रोक झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश जणांना नैराश्य येतं. "मला काहीच नको" हे उत्तर उद्दिष्टाविषयीचं मत असेल, किंवा आजाराचं लक्षणही. ते सतत येत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा आणि योजनेचं बोलणं लहान ठेवून चालू ठेवा.

टीमची बैठक

पेशंट हजर असावा. येता येत नसेल तर बैठक खाटेपाशी घ्या. आठ जण एकदम नकोत, तीन-चार पुरे. आदल्या दिवशी त्याला विचारून त्याचे दोन-तीन मुद्दे लिहून घ्या आणि सुरुवात त्यांनीच करा. त्याच्याकडे बघून बोला, त्याच्याविषयी नव्हे. संक्षेप आणि परिभाषा टाळा. संपताना ठरलेलं एका पानावर मोठ्या अक्षरांत लिहून एक प्रत खाटेपाशी लावा. पण आधी त्याला विचारा, काहींना ती भेटायला येणाऱ्यांच्या नजरेस पडायला नको असते.

रोजच्या दिवसात

योजना टिकते ती सकाळच्या पाळीत. वेळापत्रकावर निदान एक वेळ पेशंटने निवडलेली असू द्या. थांबण्याची खूण ठरवा आणि ती केल्यावर खरोखर थांबा. व्यायामाला नकार आला तर कारण विचारून तेच लिहा: दुखतंय, झोप झाली नाही, चक्कर येते, कालच्यासारखं पडेन असं वाटतं. नुसतं ‘नकार’ लिहिलं तर पुढच्या पाळीला काहीच कळत नाही. वही पेशंटकडे ठेवा, नोंद त्याने किंवा त्याच्या सांगण्यावरून घरच्यांनी करावी.

घरी जाण्याची तयारी

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी तयारी करायची नसते. निदान आठवडाभर आधी एका नातेवाइकाच्या हाती मोजपट्टी आणि यादी द्या, आणि यादी पेशंटला सांगू द्या, कारण घर त्याला ठाऊक आहे. खाटेची उंची, खुर्चीची उंची, संडासातल्या बैठकीची उंची, दारांची रुंदी, उंबरे, पायऱ्या आणि कठडा कोणत्या बाजूला, वाटेतल्या सैल सतरंज्या. फोनवर व्हिडिओ काढून आणला तर उत्तमच. मग वॉर्डात तेवढ्याच उंचीच्या खुर्चीवरून उठण्याचा सराव करा. चाकाची खुर्ची दारातून जात नाही हे घरी पोचल्यावर कळण्यात काय अर्थ?

सोबत द्यायच्या कागदावर पेशंटच्या शब्दांतली उद्दिष्टं, शेवटचे गुण, कोणता व्यायाम कशासाठी, कोणती लक्षणं दिसली तर लगेच संपर्क करायचा आणि कुणाला, एवढं असावं. पहिल्या एक-दोन आठवड्यांत फोन करा आणि फोन पेशंटलाच द्यायला सांगा. घरी गेल्यावर माणसाच्या गरजा बदलतात. वॉर्डात जिना महत्त्वाचा वाटत होता, घरी आल्यावर मोबाइलवर एका हाताने टाइप करणं जास्त निकडीचं ठरतं. जुनं उद्दिष्ट नको झालं असेल तर ते कारणासह खोडा, नव्याला पुन्हा १ ते १० गुण द्यायला सांगा, आणि पुढच्या तपासणीची तारीख त्याच कागदावर टाका.